पावतीवर २० किलो, पिशवीत १८ किलो ६०० ग्रॅम

रेशन दुकानात वजन कमी मिळतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. ते नेमकं कसं कमी होतं, हे फार थोड्यांनी निरखून पाहिलेलं असतं. आम्ही पाहिलं ते असं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा शून्य दिसतो. दुकानाचा माणूस घमेलं ठेवतो, त्यात गहू ओततो, आकडा ८.००० झाला की घमेलं उचलून पिशवीत रिकामं करतो. काटा खरा, आकडाही खरा. पण ते ८ किलो घमेल्यासकट असतात. रिकामं घमेलं ठेवून काटा शून्यावर आणायचं बटण असतं, ते दाबलेलंच नसतं. घमेलं भरलं ७०० ग्रॅम. गव्हाला एकदा आणि तांदळाला एकदा ते काट्यावर चढतं, म्हणजे चार माणसांच्या कार्डावर १ किलो ४०० ग्रॅम गेले.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळायला हवं आणि अंत्योदय कार्डाला एकूण ३५ किलो. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. तेव्हापासून एक नवीनच अडचण झाली. पैसे द्यावे लागत नाहीत, मग भांडायचं कशाला, असं लोक म्हणू लागले. आम्ही त्यांच्यापुढे हिशोब मांडायचो: कार्डामागे १ किलो ४०० ग्रॅम, तर २५० कार्डांमागे महिन्याला साडेतीन क्विंटल. हा आकडा ऐकल्यावर माणसं गप्प होतात आणि मग कागदावर सही करायला तयार होतात.

तक्रार करायची तर सुरुवात वजनापासून करावी लागते. दुकानासमोर केलेला आरडाओरडा किंवा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दोन दिवस फिरतो आणि तेवढ्या वेळात घमेलं बदललेलं असतं. आम्ही आधी दोन महिने काहीच बोललो नाही. ११ कार्डधारक ठरवले. दुकानातून निघाल्यावर घरी न जाता थेट ओळखीच्या किराणा दुकानात जायचं, पिशवी काट्यावर ठेवायची, मग रिकामी पिशवी वेगळी ठेवून तिचं वजन वजा करायचं. त्या काट्याची खात्री करण्यासाठी आधी मिठाचे न फोडलेले पाच पुडे ठेवून पाहायचे. वहीत सहा रकाने: तारीख, कार्डाचा १२ अंकी क्रमांक, पावतीवरचा आकडा, प्रत्यक्ष वजन, फरक, सही किंवा अंगठा. गहू आणि तांदूळ वेगळे लिहायचे, कारण फरक दर फेरीला सारखाच येतो आणि तोच पुरावा ठरतो. एकाला ६९० ग्रॅम, दुसऱ्याला ७१०, तिसऱ्याला ७००, असं ११ कार्डांवर दोन महिने आलं की ‘पिशवीतून सांडलं असेल’ हे उत्तर टिकत नाही.

पावतीचा आग्रह धरावा लागतो. ई-पॉस मशीनवर, म्हणजे वाटपाची नोंद करणाऱ्या दुकानातल्या यंत्रावर, अंगठा लागला की पावती निघते. तिच्यावर दुकान क्रमांक, कार्ड क्रमांक, धान्याचं प्रमाण आणि वेळ असते. ‘कागद संपलाय’ हे उत्तर फार ठिकाणी मिळतं. तेव्हा भांडत बसू नये. कार्डाचा १२ अंकी क्रमांक टाकला की राज्याच्या ई-पॉसच्या संकेतस्थळावर त्या महिन्याची उचल दिसते. त्या पानाची छपाई काढून वहीला जोडली की पावतीचं काम भागतं. पावतीवरची शाई उन्हात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत महिन्याभरात उडते, म्हणून तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची.

मग अर्ज. पहिला तहसीलदारांकडे, पुरवठा शाखेत. दुसरा, त्याच दिवशी, वैधमापन शास्त्र विभागाच्या, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या खात्याच्या, निरीक्षकांकडे. हा दुसरा अर्ज बहुतेक लोक करत नाहीत, आणि आमच्या मते तोच जास्त कामाचा आहे. पुरवठा शाखा आणि दुकानदार यांचा महिन्यातून अनेकदा संबंध येतो. वैधमापनवाल्यांचा तसा रोजचा संबंध नसतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घेणं बंधनकारक आहे, आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असायला हवं. काटा पडताळलेला नसेल तर तेवढ्या एका गोष्टीवरही कारवाई होते. त्यासाठी कुणाचा जबाब लागत नाही.

तहसीलदारांच्या अर्जात आमचं पहिलं वाक्य होतं, ‘सदर दुकानदारावर कडक कारवाई करावी.’ अनुभवी लोकांनी ते खोडायला लावलं, आणि बरोबर केलं. ‘कडक कारवाई’वर कारकून टिपणी तरी काय लिहिणार? त्याऐवजी आम्ही तीन गोष्टी मागितल्या. एक, दुकानातल्या काट्याची आणि वजन करताना वापरल्या जाणाऱ्या भांड्याची पंचांसमक्ष तपासणी. दोन, प्रत्यक्ष साठा मोजून ई-पॉसवरच्या शिल्लक साठ्याशी मेळ. तीन, यादीतल्या ११ आणि शिवाय पुरवठा निरीक्षकांनी स्वतः निवडलेल्या १० कार्डधारकांचे जबाब, दुकानात न घेता त्यांच्या घरी. अशा मागणीवर अधिकाऱ्याला ‘केलं’ किंवा ‘केलं नाही’ एवढंच लिहिता येतं, मधलं मोघम काही लिहिता येत नाही.

अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक आवक शाखेत द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज हा अर्ज नव्हे. साहेब चांगले असले तरी तो कागद आवक नोंदवहीत चढलेला नसतो आणि पुढचा प्रत्येक दिवस त्या नोंदीपासूनच मोजला जातो. आवक शाखा पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवून पोहोचल्याचा पुरावा ठेवायचा.

१९६७ आणि १८००-२२-४९५० या हेल्पलाइनवर फोनही केला, आपले सरकार पोर्टलवर तक्रारही टाकली. दोन्ही करावं, टोकन क्रमांक जपून ठेवावा, पण त्यावर विसंबू नये. पोर्टलवर आमच्या तक्रारीपुढे काही दिवसांनी ‘निकाली’ दिसलं. आत उघडून पाहिलं तर लिहिलं होतं: ‘सदर तक्रार पुढील कार्यवाहीसाठी संबंधित कार्यालयाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली एवढंच झालं होतं. अशा वेळी त्या पानाची छपाई घ्यायची आणि पुढच्या अर्जाला जोडायची.

आता मुदतींचं. महाराष्ट्रात २००५ सालचा एक कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम १०प्रमाणे कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका कर्मचाऱ्याकडे राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा, गरज असेल तर ३ महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आम्ही आठव्या कामकाजाच्या दिवशी स्मरणपत्र दिलं, त्यात हे कलम लिहिलं आणि एकच प्रश्न विचारला: अर्ज आज कोणत्या टेबलावर आहे? त्या स्मरणपत्रानंतर अर्ज पहिल्यांदा हलला.

फाइल खरंच हलली का, हे पाहायला सोमवार उपयोगी पडतो. सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयानं जिल्हा आणि स्थानिक पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं ठरवलं आहे. खूप कार्यालयांत हा निर्णय कुणाला आठवत नाही, म्हणून त्याची छापील प्रत सोबत न्यावी लागते. नस्ती (फाइल) हातात आली की आधी टिपणीचा भाग उघडायचा. कुणी कोणत्या तारखेला काय लिहिलं आणि सही कुठं अडली, हे त्या एका पानावर दिसतं. आमच्या नस्तीत ‘पु.नि. यांनी चौकशी करून अहवाल सादर करावा’ या ओळीखाली (पु.नि. म्हणजे पुरवठा निरीक्षक) तीन आठवडे कोरे होते. त्या पानाची प्रत मागितली तेव्हा निरीक्षकांची तारीख ठरली.

माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही याच काळात टाकला. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि २०१२पासूनच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, पुरावा जोडावा लागतो. ‘वजन कमी का दिलं जातं?’ असं विचारलं तर ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरून असतं. कागदाचं नाव घेऊन मागायचं: दुकान क्रमांक अमुकचं सहा महिन्यांचं मासिक नियतन (ठरवून दिलेला कोटा), गोदामातून झालेली उचल, तपासणी अहवाल, दक्षता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. लाभार्थ्यांच्या नावांची यादी मागू नये. ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाते आणि तिच्याबरोबर बाकीचंही लांबतं. सोबत अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २७ जरूर लिहायचं, कारण रेशन व्यवस्थेचे अभिलेख लोकांसाठी खुले ठेवण्याची जबाबदारी तिथे स्पष्ट घातलेली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. मुदत उलटून मिळालेली माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(६)प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते, तेव्हा पानामागे २ रुपयांची मागणी आली तर हे कलम दाखवायचं.

दक्षता समितीची इतिवृत्तं मागण्यामागे कारण आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९प्रमाणे प्रत्येक दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती असायला हवी, आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे, स्त्रियांचे, निराधार आणि अपंग व्यक्तींचे प्रतिनिधी हवेत. समितीवर आपलं नाव आहे, हे एका बाईंना इतिवृत्ताची प्रत दाखवल्यावर समजलं, असा प्रसंग आम्ही पाहिला आहे. बैठकीला हजर म्हणून तिथे अंगठा होता आणि त्या मात्र व्यवस्थित सही करतात. हा मुद्दा पुढच्या ग्रामसभेत लेखी मांडला आणि समिती नव्यानं निवडली गेली.

आणि मग पंचनाम्याचा दिवस. सगळं ठरतं ते याच दिवशी, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

पुरवठा निरीक्षक येतात, पोती मोजतात, ई-पॉसवरचा शिल्लक साठा पाहतात, दोन्ही जुळले की लिहितात: ‘साठा जुळून आला, तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.’ लोक निराश होऊन घरी जातात. पण इथे एक साधा हिशोब आहे, तो समजला नाही तर तक्रार हातची जाते. मशीनवर २० किलो वाटल्याची नोंद झाली आणि पिशवीत १८ किलो ६०० ग्रॅम गेले, तर दुकानात साठा कमी पडणार नाही, १ किलो ४०० ग्रॅम जास्तच उरेल. अंगठा आज घेतला आणि धान्य ‘आठवड्यानं या’ म्हटलं, तरी साठा जास्तच दिसेल. कमी कधी दिसतो? अंगठा घेण्याआधीच पोती परस्पर बाहेर गेली तर. म्हणजे वजनातल्या चोरीत दोनच शक्यता उरतात. उरलेलं धान्य अजून दुकानात असेल तर साठा नोंदीपेक्षा जास्त भरेल. ते विकून झालं असेल तर साठा अगदी तंतोतंत जुळेल. म्हणून ‘साठा जुळला’ यावरून वजन बरोबर होतं, हे सिद्ध होत नाही. ही गोष्ट आम्ही पंचनाम्याच्या आधीच लेखी दिली, निरीक्षकांपुढे दोनदा वाचून दाखवली आणि तपासणी वाटप संपल्यावर लगेच व्हावी अशी विनंती केली, कारण उरलेला माल फार दिवस दुकानात राहत नाही. तपासणी झाली तेव्हा तांदळाचे दोन कट्टे जास्त निघाले. दुकानदारांचं म्हणणं, ‘ते लोकांचं राहिलेलं धान्य आहे.’ आम्ही म्हटलं, मग कुणाचं, ते कार्ड क्रमांकासह पंचनाम्यात लिहून घ्या. एकही क्रमांक सांगता आला नाही, आणि तेही पंचनाम्यात आलं.

दुकानदार ‘गोदामातूनच माल कमी येतो’ असंही सांगतात. काही ठिकाणी ते खरं असतं, आणि तसं असेल तर त्या दुकानदाराची बाजूही लढली पाहिजे. पण त्याचा पुरावा त्याच्याकडेच असायला हवा: माल उतरवून घेताना वजन केलं का, कमी भरल्याचं लेखी कळवलं का? तसं पत्र नस्तीत नसेल तर तो बचाव टिकत नाही.

जबाब हा पंचनाम्याचा सगळ्यात नाजूक भाग. जबाब दुकानाच्या ओट्यावर घेतले तर समोर दुकानदार उभा असतो आणि माणसं ‘आमची काही तक्रार नाही’ म्हणून सही करतात. त्यांना दोष देता येत नाही. उद्या त्यांना त्याच दारात उभं राहायचं असतं, आणि ‘नाव कापून टाकीन’ ही धमकी फार जुनी आहे. कार्डावरचं नाव दुकानदाराला कमी करता येत नाही, ते काम तहसील कार्यालयाचं आहे, हे आम्ही घरोघर सांगितलं. शिवाय एक गोष्ट केली, ती कुणीही करावी: ११ जणांनी आपापला जबाब आदल्या रात्री शांतपणे साध्या शब्दांत लिहून ठेवला. ‘अमुक तारखेला पावतीवर तांदूळ १२ किलो, किराणा दुकानात मोजले ११ किलो ३०० ग्रॅम. वजन घमेल्यासकट केलं, हे मी पाहिलं.’ एवढंच. निरीक्षक आले की वाचून दाखवायचं आणि तेच लिहून घ्यायला सांगायचं. पंच कोण, हेही पाहायचं. दुकानदाराचे नातेवाईक किंवा उधारीत अडकलेली माणसं पंच म्हणून बसली तर त्याच वेळी लेखी हरकत घ्यायची. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायचा, कोऱ्या जागांवर रेघ मारून घ्यायची, आणि न पटलेलं वाक्य असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं ‘मान्य नाही’ लिहायचं. आणि घमेलं. ते पंचांसमक्ष काट्यावर ठेवून त्याचं वजन पंचनाम्यात आकड्यात लिहून घ्यायचं. आमच्या पंचनाम्यात ते ०.७०० किलो असं आलं, आणि शेवटपर्यंत सगळा हिशोब त्या आकड्यावर उभा राहिला.

अहवाल तयार झाला तरी आदेश निघायला वेळ लागतो. तेव्हा लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याआधी तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज दिलेला असावा लागतो आणि तिथला टोकन क्रमांक जिल्ह्याच्या अर्जाला जोडावा लागतो. अर्ज विहित नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी. इथे एक अट बऱ्याच गावांना नडते. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी. ‘गावाला रेशन कमी मिळतं’ असा ८० सह्यांचा अर्ज परत येतो. म्हणून आमचे ११ अर्ज वेगवेगळे गेले, प्रत्येकात एकच कार्ड, एकच फरक, एकच मागणी: माझं कमी दिलेलं धान्य मला मिळावं आणि चौकशी अहवालावर निर्णय व्हावा. एकाच दुकानाचे ११ अर्ज एकाच दिवशी समोर आले की तो प्रश्न सार्वजनिक आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

याच्याच जोडीला अन्न सुरक्षा कायद्याचा स्वतंत्र मार्ग आहे. कलम १५चा जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्या आदेशावर समाधान नसेल तर राज्य अन्न आयोग. निवारण अधिकाऱ्यांनी सांगितलेला दिलासा योग्य कारण नसताना न देणाऱ्या लोकसेवकाला आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. रक्कम मोठी नाही, पण अधिकाऱ्याला ती स्वतःच्या खिशातून भरावी लागते.

उपोषणाबद्दल आमचं मत सांगतो. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला उपोषणाचा इशारा दिला की आदल्या दिवशी ‘उपोषणापासून परावृत्त व्हावे’ असं पत्र हमखास येतं. पत्रात ‘कार्यवाही सुरू आहे’ असतं आणि त्यावर लोक उठतात. इशारा द्यायचाच असेल तर हाती पंचनामा आल्यावर द्यावा आणि पत्रात आदेशाची तारीख लिहून मागावी. पंचनाम्याआधी केलेलं उपोषण माणसाच्या तब्येतीवर जातं आणि फाइल तिथेच राहते.

जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी परवाना निलंबित करण्याचा आदेश काढला की काम संपलं, असं आम्हालाही वाटलं होतं. आदेशाविरुद्ध दुकानदाराला वर दाद मागता येते आणि तिथे स्थगिती मिळू शकते. त्या सुनावणीत एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला शासन. तक्रारदारांना कुणी बोलावत नाही. आदेशाची प्रत हातात आली त्याच आठवड्यात उपायुक्त पुरवठा यांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं: या प्रकरणात अपील किंवा पुनरीक्षण दाखल झाल्यास स्थगितीआधी आम्हाला ऐकून घ्यावं. सोबत पंचनामा आणि ११ जबाबांच्या प्रती जोडायच्या. आम्ही हे तीन आठवडे उशिरा केलं, तोवर पहिली तारीख होऊन गेली होती.

निलंबन झालं की कार्डं शेजारच्या गावच्या दुकानाला जोडतात. म्हाताऱ्या माणसांना तीन-चार किलोमीटर चालावं लागतं आणि दोन महिन्यांत तीच माणसं ‘जुनंच बरं होतं’ म्हणू लागतात. यासाठी मूळ अर्जातच मागायला हवं होतं की पर्यायी दुकानदारानं आमच्या गावात येऊन ठरलेल्या दिवशी वाटप करावं. आम्ही ते नंतर मागितलं आणि महिन्यातले दोन दिवस मिळाले, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. पहिल्या वाटपाला वही आणि मिठाचे पाच पुडे घेऊन गेलो. नव्या माणसानं काट्यावर टोपली ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, मग तांदूळ ओतायला सुरुवात केली. वहीत त्या दिवशीचा फरकाचा रकाना ११ ओळी शून्य आहे, आणि दुसऱ्या महिन्याचंही वजन आम्ही घेतलं.